उपाशीपोटीच्या दोन गोळ्या

विमलताई तायडेंना ती गोळी मी दिली. कॅन्सरची नव्हे. ती अकोल्याच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि बरोबर लिहून दिली होती. मी दिली ती गॅसची. चिठ्ठीत नव्हती, माझ्या मनाने दिली. वर सांगितलं, "दोन्ही उपाशीपोटीच घ्यायच्या असतात ताई, एकदमच घेऊन टाकत जा." बडनेऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. फार्मसीची पदविका काउंटरमागे फ्रेम करून लावलेली आहे. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची माझी सोय नाही.

त्यांच्याबद्दल लिहायला अनेकदा बसलो. दर वेळी ही गोळी आधी येते आणि मी उठून जातो. आज उठायचं नाही असं ठरवलं आहे. कारण विमलताई म्हणजे काही एक आजार नव्हत्या. त्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जाग्या बाई होत्या.

टेलिफोन खात्यात त्यांची नोकरी झाली. सुरुवात अकोल्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात परगावचे फोन जोडायच्या दोऱ्या. यजमान रेल्वेत गार्ड होते म्हणून पुढे बदली घेऊन त्या बडनेऱ्याला आल्या. यजमान गेले, नोकरी संपली, एक्स्चेंजमध्ये माणूस लागेनासा झाला, पण ताईंचा कान नोकरीवरच राहिला. दुकानात पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी मागून कोण बोललं हे त्या सांगत. फोनवर त्या 'हॅलो' कधी म्हणत नसत. "बोला," एवढंच. आणि फोनवर त्यांची भाषा एकदम शुद्ध, खात्याची. "आपण कोण बोलताय? कृपया स्पष्ट सांगा." फोन खाली ठेवला की लगेच, "मेला कंपनीवाला होता, मले लोन देऊन राहिला!"

त्यांच्या अंगात तीन मिनिटांचं घड्याळ होतं. ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांचा असे, ती सवय. कुणाकडे बसायला गेल्या तरी बोलणं लांबलं की त्या हाताची बोटं मिटवू लागत. माझी बायको एकदा आपल्या माहेरची गोष्ट सांगत होती. ताई म्हणाल्या, "तीन मिनिटं झाले बाई. वाढवायचे का कट करू?" बायको दोन दिवस रुसली. मग तीच गोष्ट ती सगळ्यांना हसत सांगू लागली.

विहारात रविवारी वंदनेआधी माइक तपासायचं काम ताईंचं. इतर लोक 'हॅलो, एक, दोन' म्हणतात. ताई गंभीरपणे माइकसमोर उभ्या राहून म्हणत, "बडनेरा, मुर्तिजापूर, बोरगाव, अकोला." शेवटच्या रांगेतून कुणी हात वर केला की समजायचं, अकोल्यापर्यंत आवाज पोचला.

आणि त्या वाचत. हातात आलेला कोणताही छापील कागद त्या वाचल्याशिवाय टाकत नसत. गोळीच्या पाकिटावरची मुदत एकेक आकडा सुटा करून मोठ्याने वाचत, जसा कुणाला नंबर लिहून देतात. एकदा त्यांची रक्तदाबाची नेहमीची गोळी नव्हती म्हणून मी दुसऱ्या कंपनीची दिली. घरी न जाता तिथेच उभं राहून त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"गजानन, हे नाव वायलं हाय."

"आतलं औषध तेच आहे ताई."

"तेच हाय तं तू मले सांगतलं काहून नाही? मी घरी जाऊन बदललं असं पाह्यलं असतं, मंग?"

मी हसून सोडून दिलं. अशा बाईला अर्धवट माहिती द्यायची नसते, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

खोकला सुरू झाला तेव्हा त्यांना चौसष्टावं चालू होतं. आयुष्यात विडी-तंबाखूला हात नाही. आधी ॲलर्जी म्हणून, मग क्षय असेल म्हणून तपासण्या झाल्या आणि शेवटी अकोल्यात फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढला. कॅन्सर निघाला. पसरलेला होता, ऑपरेशनचा नव्हता. ताईंची मुलगी वैशाली अकोल्यातच शाळेत शिकवते. तिने रडत मला फोन केला. ताई मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या त्या एक नवीन गोष्ट घेऊन.

"डॉक्टरनं तुकडा अजून एका तपासणीले पाठवला होता. त्याच्यात एक बदल सापडला म्हणे. तो बदल असला तरच चालते अशी गोळी हाय. सगळ्याइले नाही चालत."

ती गोळी म्हणजे इर्लोटिनिब. मी त्यांना माझ्या परीने सांगू लागलो की नेहमीची केमो सगळ्याच वाढणाऱ्या पेशींना मारते, ही मात्र त्या एका बदलावर जगणाऱ्या पेशींना मिळणारा 'वाढा' हा इशारा तोडते. ताईंनी मला मध्येच थांबवलं.

"समजलं. बाकी बोर्ड चालू, एकच लाइन कट."

इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. ताईंना त्यात कामाचा आनंद झाला होता. घरी राहायचं, केस जाणार नाहीत, सकाळी उपाशीपोटी एक गोळी. डॉक्टरांनी धोकेही सांगितले होते. अंगावर पुरळ येईल, जुलाब होतील. एकदम दम लागला, जुलाब थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले तर वाट बघायची नाही, फोन करायचा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं कोणतंही औषध नाही. हे सगळं ताईंनी बोटांवर मोजून मला ऐकवलं.

गोळ्या मी नागपूरहून मागवून देत असे. पहिली पेटी आली. तिच्यात नेहमीप्रमाणे घडी घातलेला मोठा कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला. ही माझी जुनी सवय. अशा औषधांचे कागद वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाने तर हृदयाची गोळी बंद केली होती. म्हणून जड औषध असलं की कागद आधीच काढायचा. मला ते दयाळूपणाचं वाटे.

ताईंनी पेटी उघडून पाहिली. "याच्यातला कागद कुठी हाय?"

"ताई, तो वाचला तर माणूस गोळी घेणारच नाही."

"मी घेईन ना. कागद दे."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं? उगाच डोक्याला ताप."

ताई पेटी पिशवीत टाकून निघून गेल्या. मी जिंकलो होतो.

दहा-बारा दिवसांत पुरळ आलं. नाकावर, गालांवर, हनुवटीवर, लालभडक. शेजारच्या बायका म्हणाल्या, पदर घेत जा तोंडावर. ताई म्हणाल्या, "झाकू कायले? या वयात मुरूम आले, आता स्थळं येतील मले." रविवारी त्याच चेहऱ्याने माइकसमोर उभ्या राहिल्या. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले की ही गोळी जी लाइन तोडते ती कातडीतूनही जाते, म्हणून हे होतं. मलम दिलं, उन्हात फिरू नका म्हणाले, आणि असंही म्हणाले की पुरळ येणं तसं वाईट लक्षण नाही. खोकला कमी झाला. तिसऱ्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली होती. ताई स्टेशनवरून थेट दुकानात आल्या आणि मला आधी रिपोर्ट वाचायला लावला, मग पाणी प्यायल्या.

आता ती गोळी.

आमच्याकडे तिखट खाणं आणि गॅसची कॅप्सूल यांचं लग्नच लागलेलं आहे. कोणतंही जड औषध दिलं की सोबत एक गॅसची द्यायची, नाहीतर गिऱ्हाइकाला चिठ्ठी अपुरी वाटते. सकाळी दात घासण्याआधी ती घेणारी घरंच्या घरं मी ओळखतो. कुणी तिला औषध मानत नाही. मीही मानत नव्हतो.

ताई म्हणाल्या, "छातीत लय जळजळ होऊन राहिली रे." मी मागचा डबा उघडून दोन पट्ट्या काढल्या.

"डॉक्टरले फोन करून विचारू का?"

"गॅसच्या गोळीसाठी कुणी कॅन्सरच्या डॉक्टरला फोन करतं का ताई? हसतील तुम्हाला."

त्यांनी फोन केला नाही. मी सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोळ्या रोज सकाळी एकत्र घेऊ लागल्या. जळजळ थांबली. आणि तीनेक आठवड्यांत चेहरा निवळू लागला. डाग गेले, कातडी मऊ झाली. मी इतका खूश झालो होतो की दुकानात आलेल्या माणसांना ताईंचा चेहरा दाखवत असे. "बघा, शरीराने औषध पचवलं." ताईंनी एकदाच म्हटलं, "डॉक्टर तं म्हणत होते पुरळ चांगलं असते." मी म्हटलं, "बरं झालं की जातंच ना ते."

गॅसची गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी खोकला परत आला.

त्या वेळी वैशालीच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून स्कॅनचा रिपोर्ट दाखवायला ताईंसोबत अकोल्याला मी गेलो. गाठ वाढली होती. डॉक्टर बराच वेळ फिल्म पाहत होते. मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "पुरळ अगदीच गेलं की. गोळी चुकत नाही ना?"

"एकही दिवस नाही."

"दुसरं काही औषध घेता?"

"बीपीची. बाकी काही नाही."

ताई खोटं बोलल्या नाहीत. गॅसची गोळी औषधात मोजायची नसते, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या मनात तेव्हा काही आलं का? आलं. पुसट आलं. तोंड उघडून विचारता आलं असतं. मी फिल्मकडे पाहत राहिलो. डॉक्टर म्हणाले, आजाराने गोळीला चुकवायचा रस्ता शोधलेला दिसतो, असं होतं. पुढच्या आठवड्यापासून सलाईनमधून केमो सुरू करू.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसून स्टेशनांची नावं मनात म्हणत होत्या, ओठ हलत होते. मला बसवत नव्हतं. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

संध्याकाळी दुकान उघडून मी ड्रॉवर रिकामा केला. कागद सापडला. भिंग लावून वाचला. लिहिलेलं होतं. आडवळणाने नाही, सरळ. ही गोळी पोटातल्या आम्लात विरघळते. आम्ल कमी करणाऱ्या ज्या कॅप्सूल दिवसभर काम करतात, त्यांच्यासोबत घेतली तर ती रक्तात नीट उतरत नाही, म्हणून त्या टाळाव्यात. माझ्या डब्यातली कॅप्सूल नेमकी तीच. म्हणजे दोन महिने ताई रोज सकाळी नेमाने ती महागाची गोळी घेत होत्या आणि तिचा बराच भाग नुसताच पोटातून जात होता. चेहरा निवळला होता तो त्यामुळे.

त्याच क्षणी फोन करायचा होता. मी काय केलं ते लिहितो. दुसऱ्या दिवशी ताईंकडे जाऊन म्हणालो, "ताई, ती गॅसची गोळी आता घेऊ नका. माल येणं बंद झालंय." एवढंच. आणि स्वतःला समजावलं की आता केमो सुरूच होते आहे, सांगून काय फरक पडणार? फरक पडणार होता. आजाराने खरंच रस्ता शोधला की गोळी पोचलीच नाही, हे डॉक्टरांना माझ्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता.

सलाईन लागलं. ताईंचं तोंड आतून सोललं, पाणी गिळवेना. मी दिवसातून चार वेळा त्यांच्या फाटकापर्यंत जायचो आणि वळून यायचो. दुकानात हिशेबापेक्षा साधी गोष्ट, पट्टी कापणं, तीही चुकू लागली. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, पित्त.

पंधरा-सतरा दिवसांनी केस गळाले. चोविसाव्या दिवशी, म्हणजे अकोल्याहून आल्यापासून चोविसाव्या, मी एकदाचा त्यांच्या घरी गेलो. डोक्याला रुमाल बांधून त्या पलंगावर बसल्या होत्या. आवाज घोगरा झाला होता. त्याचं त्यांना केसांपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. बोलता बोलता आपणहून त्यांनी ही गोष्ट सांगितली. कशावरून निघाली ते आठवत नाही. मला त्या वेळी वाटलं, त्यांना सगळं ठाऊक आहे. तसं नव्हतं, पण मला तसं वाटलं.

एक्स्चेंजमध्ये त्या नव्या होत्या. परतवाड्याहून अकोल्याला अर्जंट कॉल होता. लाइन इतकी खराब की एकमेकांना ऐकूच जाईना. अशा वेळी मधली ऑपरेटर निरोप तोंडाने पोचवते. परतवाड्याचा माणूस ओरडून सांगत होता, "त्याले सांगा, त्याची माय गेली." अकोल्याकडून पोराचा आवाज, "काय झालं? काय झालं?" ताईंच्या जिभेवर ते शब्द येईनात. त्या म्हणाल्या, "आई सिरीयस आहेत. लवकर या."

"तो पोरगा हापिसातून सुट्टी मागून, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. त्याले वाटलं येळ हाय. तिकडे ते लोक फोनच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले आन् उरकून टाकलं. आठ दिवसानं तो एक्स्चेंजमधी आला. मले पाह्याले. सुपरवायझर म्हणे तू आत जा, मी सांगतो लाइन खराब होती म्हणून. मी बाहेर आली. म्हटलं, लाइनचा दोष नाही, निरोप मी कमी केला. मले दया आली."

"मग?"

"तो म्हणे, मी दया मागतली होती का बाई?" ताईंनी रुमाल नीट केला. "त्याचा आवाज आजही ओळखीन मी."

"त्याने माफ केलं?"

"ते त्याचं काम. मले काय माहीत."

मी चहा न घेता उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "कॅप्सूल किती दिवस चालू होती?" मी सांगितलं. "आणि तुम्ही फार्मासिस्ट आहात." मी हो म्हटलं. ते म्हणाले, रक्ताची एक तपासणी करू, आजार खरंच बदलला का ते पाहू. नसेल तर सलाईन थांबवून गोळी पुन्हा देता येईल. "तीन दिवसांनी त्या माझ्याकडे आहेत. तेव्हा हे सगळं मी त्यांना सांगणार आहे. त्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं."

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला त्यामागे लपता येणार नाही. तपासणीत गोळीला चुकवणारा नवा बदल सापडला नाही. सलाईन थांबलं, गोळी पुन्हा सुरू झाली, एकटी. जळजळीसाठी डॉक्टरांनी साधं पातळ औषध दिलं, तेही गोळीपासून कित्येक तास लांब. दोन आठवड्यांत ताईंच्या नाकावर पुरळ उगवलं आणि त्यांनी ते आरशात पाहून टाळी वाजवली. गाठ पुन्हा लहान झाली. वर्षभर त्या बऱ्या होत्या, नंतर आजाराने खरोखरच रस्ता शोधला आणि त्या गेल्या. माझ्या दोन महिन्यांनी त्यांचं किती आयुष्य खाल्लं, हे मी डॉक्टरांना विचारलं आहे. ते म्हणतात, सांगता येणार नाही. ते उत्तर दिलासा म्हणून देत नाहीत, खरंच सांगता येत नाही.

त्या वर्षभरात त्या दुकानात येत राहिल्या. पण मला त्या दिसतात त्या अशाच, फोनच्या दुसऱ्या दिवशीच्या. अंगणात उन्हाला खुर्ची, डोक्याला रुमाल, मांडीवर सूप आणि सुपात ओल्या तुरीच्या शेंगा. वैशाली रजा घेऊन आली होती, आत स्वयंपाक करत होती. मी ओट्यावर टेकलो.

"ताई, एक सांगायचं होतं. ते गॅसची गोळी... तुमच्या औषधाले ते चालत नव्हती. थोडी चूक झाली माह्याकडून."

शेंग सोलणारा हात थांबला.

"थोडी?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"डॉक्टरले सांगतलं?"

"काल सांगतलं."

"मले आज काहून?"

"भेव वाटलं ताई. तुमी माह्यासंगं बोलणं टाकसान म्हणून."

मग घराकडे तोंड करून त्यांनी त्या घोगऱ्या आवाजात हाक मारली.

"वैशू, गॅस बंद कर आन् बाहेर ये. गजानन काही सांगून राहिला." आणि मला म्हणाल्या, "आता पयल्यापासून सांग. सगळं. तिच्यासमोर."

वैशाली हात पुसत दारात आली. मी उभा राहिलो.

"वैशाली, तुह्या आईच्या गोळीसंगं मी रोज गॅसची गोळी घ्याले लावली. डॉक्टरले विचारू का, असं त्याइनं मले विचारलं होतं. मीच नाही म्हटलं. पेटीतला कागद त्याइनं मागतला होता, मी देला नाही, आन् त्याच कागदावर हे लिहून होतं. त्या गोळीनं औषध लागलं नाही. मले समजलं तवा मी डॉक्टरले सांगतलं नाही, तुमाले सांगतलं नाही, माल बंद झाला म्हणून खोटं बोललो आन् चूप बसलो."

"किती दिवस?" ताईंनी विचारलं.

"सव्वीस दिवस. त्या सव्वीस दिवसात तुमाले सलाईन लागलं. तोंड सोललं, केस गेले. ते कदाचित लागलंच नसतं. मी तुमच्या चांगल्यासाठी कागद काढला असं मी सोताले सांगत होतो, पण चूप बसलो ते माह्यासाठी बसलो. हे सगळं माह्या हातानं झालं. दुसऱ्या कोणाची याच्यात चूक नाही. ताई, मले माफ करा."